सेवेच्या ऊर्मीला शिक्षणाची जोड

(सीताबर्डी, नागपूर येथे तरुण स्वयंसेवक व त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ही सीताबर्डी विसरू शकणार नाही. अवघ्या काही तासांत मुसळधार पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. येथले मोरभवन बसस्थानक जलमय झाले. आपत्ती प्रतिसाद दले, अग्निशमन दल आणि लष्कराचे जवान यांनी शेकडो नागरिकांना सुखरूप बाहेर काढले. तरीही काही जीव गेलेच. त्यांत सुरेंद्रगड भागातील एक महिला होती. तिला स्वतःहून हलता येत नव्हते आणि पाणी घरात शिरले होते.

जवान कितीही तत्पर असले, तरी निरोप पोहोचून नौका वस्तीत येईपर्यंत वेळ जातोच. तेवढ्या वेळात हाकेच्या अंतरावर असतो तो केवळ शेजारी. काय करावे, हे त्या शेजाऱ्याला ठाऊक आहे काय? आजचा खरा प्रश्न हाच आहे.

धावून जाण्याची वृत्ती आपल्या समाजात उदंड आहे. १९९३ साली किल्लारीला आणि २००१ साली भूजला असंख्य माणसे कोणी न बोलावता गेली. परंतु केवळ ऊर्मी पुरत नाही. ढिगाऱ्यावर गर्दी चढली, की खालच्या पोकळ्या दबतात. गलबल्यात आतला क्षीण आवाज ऐकू येत नाही. वेगाच्या प्रवाहात गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. म्हणून बचावाचे शास्त्र सांगते, की आधी काठी वा दोर द्यावा, मग नौका न्यावी. स्वतः पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथवर वाहन जाण्याचा मार्गच नव्हता. अशा वेळी खोपोली परिसरातील गिर्यारोहक तरुण उपयोगी पडले, कारण दोर, डोंगर आणि पाऊस यांचा त्यांना वर्षानुवर्षांचा सराव होता. हा सराव संकटाच्या दिवशी मिळत नसतो.

नागपूरला तर या शिक्षणाची परंपराच आहे. आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ साली येथेच स्थापन झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. सामान्य नागरिकांसाठी केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत बारा दिवसांचे प्रशिक्षण आखण्यात आले. वर्षातले बारा दिवस आपण देऊ शकत नाही काय?

पालकांच्या मनातली भीती मी जाणतो. आपल्या मुलाला संकटात लोटायचे काय, असे त्यांना वाटणारच. परंतु बचावाचे शिक्षण पहिल्यांदा शिकवते ते कोठे जायचे नाही हे. शिवाय प्रत्येकाने दोर धरावा असेही नाही. वीज मुख्य कळीवरून बंद करणे, जखमीचा रक्तस्राव थांबवणे, बाहेर काढलेल्यांची नोंद ठेवणे हीदेखील बचावाचीच कामे आहेत आणि ती माता-भगिनीही तितक्याच समर्थपणे करू शकतात.

आजच घरी गेल्यावर एक वही काढा. आपल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे राहणारे कोण, तळमजल्यावर झोपणारे कोण, ते लिहा. रात्री त्यांना उचलून आणायला कोण जाईल, त्या दोघांची नावे समोर मांडा. पुढच्या पावसाआधी ती वही पूर्ण झाली पाहिजे.