दिवा घेतलेली ती बाई कोणाची?



एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, अशी उभी असलेली बाई आपण सर्वांनी तसबिरीत पाहिली आहे. पुष्कळजण ते चित्र राजा रविवर्म्यांचे समजतात. पण ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. रविवर्मा तर १९०६ सालीच वारले. मूळ चित्र म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिवा घेऊन उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता.

हळदणकर १८८२ साली सावंतवाडीस जन्मले आणि मुंबईस जे. जे. कलाशाळेत शिकले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली व मुलांना शिकवले. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापणाऱ्यांत ते होते. १९६८ साली ते वारले.

त्यांची निसर्गचित्रे आणि हे दिव्याचे चित्रही जलरंगातले. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा रंग चढवता येतो. जलरंग म्हणजे आपली फोडणी. करपली की करपली! उजेड हवा तिथे कागदाचा पांढरेपणा आधीच राखावा लागतो.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण एवढे मला कळते, की असा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसतो. म्हणून घरातली मुलगी रंगपेटी घेऊन बसली, तर "पसारा आवर" म्हणून तिला उठवू नका. आणि ते चित्र कुठे दिसले, तर हळदणकर मास्तरांचे नाव जरूर सांगा.