अंगणातला पाढा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे लग्न झाले, पाटी सुटली आणि पोळपाट हाती आला. तेव्हा मुलांच्या अभ्यासावर मी बोलावे ह्याचे मलाच नवल वाटते. पण चालकबाई म्हणाल्या, “तुम्ही तुमच्या धाकट्याची हकिगत सांगा, म्हणजे झाले.” म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा त्या वर्षी दुसरीत होता. एका जागी म्हणून बसायचा नाही. शाळेतून निरोप आला, “मुलगा फार चुळबुळ करतो. घरी पाढे पाठ करून घ्या.” झाले! रोज तिन्हीसांजेला मी भाकरी थापायची आणि त्याने समोर पाटावर बसून पाढे म्हणायचे. हलला की ओरडा आणि चुकला की फटका. एके दिवशी हातात लाटणे होते, तेच मारले. पोटरीवर वळ उठला. पोर रडलेसुद्धा नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पाढ्यांची वही दिसेना. विचारले तर म्हणे, “हरवली.” चार दिवसांनी आम्ही कांदा निवडायला बराखीत बसलो, तेव्हा ती कांद्याखाली सापडली. त्याने ती तिथे पुरून ठेवली होती. मला त्याचा राग यायला हवा होता, पण खरे सांगते, मला माझीच लाज वाटली.

त्याच दुपारची गोष्ट. सासूबाईंनी त्याला बियाण्याचे कांदे मोजायला सांगितले. पाच कांदे पाटीत टाकले की एक खडा बाजूला ठेवायचा. पोरगा ढिगाकडून पाटीकडे आणि पाटीकडून ढिगाकडे नुसता पळत होता. सहा खडे झाले तसा म्हणाला, “आजी, तीस झाले.” मी मान वर केली. “आणि आठ खडे झाले तर?” पळता पळताच उत्तर आले, “चाळीस.” मग मी त्याला मुद्दाम बसवले आणि म्हटले, “आता पाचाचा पाढा म्हण.” पाच त्रिकला गाडी अडकली! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोर मठ्ठ नव्हते. त्याचे हातपाय बांधले की त्याची बुद्धीही बांधली जात होती.

मग मी आमच्या मोठीच्या मदतीने अंगणात शाळा मांडली. पैसा एक लागला नाही. काय केले ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

पहिला खेळ टिक्करचा. आपण सगळ्या लहानपणी लंगडी घालून खेळलो आहोत. घरांत आकडे लिहायचे आणि उडी मारताना मोठ्याने म्हणायचे. दोनाचा पाढा असेल तर दोन, चार, सहा ह्याच घरांत पाय पडला पाहिजे.

दुसरा खेळ दशक-एककाचा. आपल्या मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी येतो. म्हणून पुष्कळ मुले पंचवीस ऐकून बावन्न लिहितात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशीही रीत दिली, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला, तो आठवत असेल. मी वादात पडत नाही. मी पोराला सांगितले, दहाला एक लांब उडी आणि एकाला एक पाऊल. पंचवीस म्हणजे दोन लांब उड्या आणि पाच पावले. बावन्न म्हणजे पाच उड्या आणि दोन पावले. दोन्हींत किती अंतर पडते ते त्याने अंगणातच पाहिले. आठ दिवसांत उलटे आकडे पुष्कळ कमी झाले.

तिसरा खेळ अक्षरांचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ ह्यांत त्याचा नेहमी घोटाळा व्हायचा. चुलीतल्या राखेने अंगणात हातभर मोठी अक्षरे काढली. त्यांवरून बोट नव्हे, पाय फिरवायचा. ‘म’च्या डोक्यावरची रेघ सलग चालायची. ‘भ’च्या डोक्यावर रेघ तुटते, तिथे उडी मारायची. ‘घ’ आणि ‘ध’चेही तसेच. पायाला कळलेली खूण हाताला आपोआप कळली.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले शहाणपण नाही. मॅडम माँटेसोरी ह्यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब मुलांची शाळा काढली. त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुले बोट फिरवून शिकतात. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक ह्यांनी हे शिक्षण खेड्यात नेले. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महाग साधने खेड्याला परवडणार कशी? म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने, माती हीच त्यांनी साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी आली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. त्या काळी अशा मुलीने घराचा कोपरा धरायचा, पण त्यांनी हजारो मुलांना अंगण दिले. आज आपल्या आळीत जी अंगणवाडी भरते, तिच्या नावात ह्या दोघींचे कष्ट आहेत.

आणि दूर कशाला जायचे? डॉ. अनिल अवचट आपल्या ओतूरचेच. मोठे लेखक, पण कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करण्यात, लाकूड कोरण्यात, बासरी वाजवण्यात त्यांचे हात रमत. हाताला काम असले की डोके रिकामे राहते, असे त्यांच्याकडे पाहून कोण म्हणेल?

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. अमुक खेळाने बुद्धी दुप्पट होते, असे सांगून कोणी पैसे मागू लागला तर देऊ नका. खेळाची धड्याशी गाठ घातली, तरच तो धडा शिकवतो. नुसत्या धावण्याने अंग मोकळे होते, मन ताजे होते, पण पाढा येत नाही. तो म्हणावाच लागतो. दुसरे असे की, सगळी मुले सारखी नसतात. आमच्या जाऊबाईंची मुलगी शांत बसूनच छान शिकते, तिला उगाच उड्या मारायला लावू नये. आणि मूल पुस्तक नाकाशी धरीत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर खेळाच्या आधी डोळे-कान तपासून घ्यावेत. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांच्या अंगाला रोज सरासरी तासभर चांगली हालचाल हवी. आपल्या लहानपणी हे कोणी सांगावे लागत नव्हते. मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या आवारात आपण दिवस मावळेपर्यंत हुंदडत होतो. श्रावणात जत्रेतल्या कुस्त्या बघून आली की मुले आठ दिवस अंगणात शड्डू ठोकीत. आता अंगणात फरशी आली आणि मुलांच्या हाती मोबाइल आला. जेवताना मूल गप्प बसावे म्हणून तो आपणच देतो. मीही दिला आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपार कलल्यावर एक तास आपण पाळीपाळीने आळीतली मुले एका अंगणात जमवू या. सागरगोटे, झिम्मा, लंगडी, टिपऱ्या हे सारे आपल्या आज्यांना येते. झिम्म्याच्या टाळीवर पाढे म्हणता येतात, सागरगोट्यांवर बेरीज-वजाबाकी होते. आज्यांना मान मिळेल आणि नातवंडांना पाढे येतील.

माझा मुलगा आता पहिला नंबर काढतो, असे सांगायला मला आवडले असते. तसे नाही. सातापुढचे पाढे अजून अडखळतात. पण लाटणे पुन्हा त्याच्यावर उठले नाही, आणि पाढ्यांची वही आता दप्तरात असते.