नकाशा कागदावर, कापड मागावर



इमारत बांधायची म्हटली की गवंडी, सुतार, लोहार यांची आठवण होते. विणकराची कुणाला होत नाही. पण आपल्याच देशात एक मोठी इमारत अशी आहे, की विणकराच्या हातावाचून तिच्या भिंती पुऱ्या होईनात. ही इमारत म्हणजे चंदीगडचे उच्च न्यायालय.

1947 च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. नवे शहर उभारण्यासाठी 1951 साली फ्रान्समधून ल कॉर्बुझिए नावाचे वास्तुशिल्पकार आले. त्यांनी आखलेले उच्च न्यायालय 1955 साली उघडले. इमारत सगळी काँक्रीटची, दालने उंच. आता काँक्रीटला एक खोड आहे. ते आवाज गिळत नाही, परत फेकते. शिक्षक बंधुभगिनींना हे सांगायला नकोच. सुट्टीत रिकाम्या वर्गात बोलून पाहा, आवाज घुमतो. तोच वर्ग मुलांनी भरला की घुमत नाही. न्यायालयात साक्षीदाराचा शब्द असा घुमला, वकिलाचे वाक्य विरून गेले, तर निवाडा करायचा कशावर?

यावर उपाय निघाला तो लोकरीचा. लोकर मऊ आणि सच्छिद्र असते. आवाज तिच्यात मुरतो. तेव्हा न्यायाधीशांच्या आसनामागे प्रचंड विणलेले पट लावायचे ठरले. चित्रे काढली कॉर्बुझिए यांनी आणि ती विणली काश्मिरी कारागिरांनी. रंगांच्या मोठमोठ्या चौकटी, आणि त्यांत सूर्य, ढग, वीज अशी चिन्हे. पट एकंदर नऊ. आठ दालनांत प्रत्येकी 64 चौरस मीटरचा, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनात 144 चौरस मीटरचा. मुलांना हिशेब घालून पाहा. उत्तर येईल 656 चौरस मीटर. एवढे काम सुमारे पाच महिन्यांत पुरे झाले!

आता आपण म्हणाल, चित्र तयार होते, विणकराने फक्त उतरवून काढले. तसं नाही, बरं का. कागदावर रेघ वाटेल तशी वळते. मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा; त्यांच्या काटकोनातून वाट काढत तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते. गोल सूर्य म्हणजे बारीक बारीक पायऱ्यांचीच रांग. ती किती बारीक करायची, हे सुताच्या जाडीवर ठरते. आणि सुताची जाडी विणकराला ठाऊक असते, कागदाला नव्हे.

कॉर्बुझिए यांना हे ठाऊक होते, कारण ते आधी विणकरांच्या सहवासात शिकले होते. फ्रान्समध्ये ओबुसाँ म्हणून विणकरांचे जुने गाव आहे. तिथले शिक्षक प्येर बोदुअँ यांनी 1948 च्या सुमारास त्यांना या कामात ओढले. ओबुसाँचा विणकर कापडाच्या उलट बाजूने विणतो आणि चित्राचा कागद ताण्याखाली अंथरतो. म्हणून ते चित्र आरशात दिसावे तसे उलटे काढावे लागते, नाहीतर डावा हात उजवीकडे यायचा! दोन रंग उभ्या रेषेत शेजारी आले की मध्ये फट पडते, तीही मागाहून शिवावी लागते. असल्या गोष्टी मागाजवळ बसल्यावाचून कळत नाहीत.

येवल्याच्या किंवा पैठणच्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. पैठणीचा पदर याच जातीच्या विणीचा. तिथेही रंगाचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. तिल्लीवर गुंडाळलेला एकेक रंग आपल्या जागेपुरता जातो आणि मागे फिरतो. फरक एवढाच, की पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात, म्हणून फट राहत नाही आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. आपल्याकडच्या विणकराला जे येते, त्याचे मोल ओबुसाँच्या कसबाहून कमी नाही.

चंदीगडचे पट सर्वांनाच आवडले असे मात्र नाही. काही न्यायमूर्तींना ते रुचले नाहीत आणि काही दालनांतून पट उतरवलेही गेले होते. पुढे 2016 साली या न्यायालयासह तिथला सारा राजधानी-परिसर जागतिक वारशाच्या यादीत आला. कॉर्बुझिए यांचे नाव त्यामुळे सर्वत्र निघते. विणणाऱ्यांचा उल्लेख बहुतेक वर्णनांत ‘काश्मिरी विणकर’ या दोन शब्दांवर संपतो.

मंडळी, खरा प्रश्न इथेच आहे. आजही वास्तुशिल्पकार विणकरांकडे येतात. कुणाला सभागृहासाठी पडदे हवे असतात, कुणाला भिंतीसाठी पट. असे कुणी आपल्या गावी आले, तर विणकराने तीन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. पहिली, नकाशा पक्का होण्यापूर्वी मला बोलवा. कागद ठरून गेल्यावर सांगितलेली अडचण कुणी ऐकत नाही; आधी सांगितली तर तिची सूचना होते. दुसरी, रंग वाढले की वेळ वाढतो, म्हणून मजुरी नुसत्या लांबीरुंदीवर न ठरवता कामाच्या बारकाईवर ठरवा. तिसरी, कामावर आखणाऱ्याचे नाव येईल तिथे विणणाऱ्याचेही येऊ द्या.

आणि गुरुजी, बाई, आपल्यासाठी एक छोटे काम. मुलांना चौकटीचा कागद द्या. एकेक चौकट पुरी रंगवूनच सूर्य काढायला सांगा; अर्धी चौकट रंगवायची नाही. गोल करताना मुले अडतील, पायऱ्या मोजतील, पुसून पुन्हा काढतील. वर्गात एखादे कोष्ट्याचे किंवा साळ्याचे मूल असले आणि त्याने घरी माग पाहिलेला असला, तर त्याला फळ्याशी बोलवा. त्याच्या घरी रोज चालते ते केवढे गणित आहे, हे त्या दिवशी साऱ्या वर्गाला कळेल, आणि त्यालाही कळेल.