वीजगृहाचे पाणी आणि कर्जतचे भात



राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून वसईच्या खाडीस मिळणाऱ्या उल्हास नदीच्या काठी कर्जत वसले आहे. हा मुलूख अतिवृष्टीचा. परंतु पाऊस ओसरला की डोंगरउतारांवरील ओढे काही महिन्यांतच आटतात. अशा ठिकाणी ऐन एप्रिलमध्ये भाताची पिकू लागलेली खाचरे दिसतात, याचे मूळ भिवपुरीच्या वीजगृहात आहे. (भिवपुरी रोड हे रेल्वे स्थानक त्या वीजगृहापासून बरेच दूर आहे, हे नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्यास सहसा पहिल्या फेरीतच कळून चुकते.)

टाटा समूहाच्या आंध्रा व्हॅली वीज कंपनीचे हे केंद्र 1922 साली सुरू झाले. मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडी येथे धरण बांधून, एरवी इंद्रायणीवाटे भीमेस गेले असते ते पाणी पश्चिमेकडे वळविण्यात आले. सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली नळांतून उतरताना ते वीज निर्माण करते. वीज मुंबईकडे जाते. मागे राहणारे पाणी, म्हणजेच अवजल, पेज नदीवाटे उल्हासला मिळते. याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि त्याखालील गावांत खरिपानंतर उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघते. एरवी त्या खाचरांत फार तर जमिनीतील ओलाव्यावर वाल झाला असता. कर्जतला 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे. तेथील वाण आणि हे पाणी यांचा मेळ जेथे बसला, तेथे एका खाचरात वर्षाला दोनदा भात उभे राहते.

तथापि या व्यवस्थेत शेतीचे स्थान दुय्यम आहे. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर, द्राक्षमळ्यांच्या टेकडीखाली तँ-लेर्मिताज हे छोटे गाव आहे. त्या नदीसाठी 1921 साली झालेल्या कायद्याने वीज, जलवाहतूक आणि सिंचन ही तिन्ही उद्दिष्टे एकत्र बांधली व 1933 साली ती पार पाडण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली. भिवपुरीचा प्रकल्प त्याच सुमाराचा. पण त्याचा हेतू विजेपुरता होता. परिणामी वीजगृह मुंबईच्या मागणीप्रमाणे चालते, आवणाच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे. दुरुस्तीसाठी संच बंद राहिले की कालव्याची धार बारीक होते, आणि भाताला तर नेमके त्याच आठवड्यात पाणी हवे असते.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. भीमा खोऱ्यातील अवर्षणग्रस्त भागांतून हे पाणी पूर्वेकडेच राहू द्यावे, अशी मागणी वारंवार होत आली आहे. ती अवास्तव म्हणता येणार नाही. ते पाणी मूळचे त्या खोऱ्याचेच. परंतु आज पेज नदीवर कर्जतची पाणीयोजना आहे, आणि खाली बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरे उन्हाळ्यात उल्हासवरच विसंबून असतात. शहरांची गरज पाणीयोजनांच्या कागदांवर आकड्यांनिशी नोंदलेली असते. कालव्याखालील शेतकऱ्याची गरज तितकी ठळक नोंदली जात नाही. त्यातच अनेक खाचरे फार्महाऊसच्या कुंपणाआड गेली आहेत. पाणीवाटपाची फेरमांडणी होण्यापूर्वी तलाठी, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून, प्रत्येक गावात उन्हाळी भात किती क्षेत्रावर होते आणि त्यास कोणत्या पंधरवड्यात किती पाणी लागते, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी करून घ्यावयास हवी. हे काम डिसेंबरात, रोपवाटिका टाकण्यापूर्वी उरकणे सोयीचे पडेल.