बाग सर्वांची, मग राखण कुणाची?

आज आपण बागेबद्दल बोलणार आहोत. परसातल्या नाही, सरकारी बागेबद्दल. अशा बागेला माळी असतात, साहेब असतात, निधी असतो. मग तिथं तुमच्याआमच्यासारख्यांचं काय काम? काम आहे, आणि ते दोन तऱ्हेचं आहे.

पहिलं हातांचं. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथं राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे. तिथं त्यांच्या देशातलीच झाडं वाढवतात. १९९० साली या बागेचं मित्रमंडळ सुरू झालं. सभासद वर्गणी भरतात आणि आपल्या आवडीच्या गटात काम करतात. एक गट आलेल्या लोकांना मोफत बाग फिरवून दाखवतो. एक गट रोपं तयार करून विकतो. एक बीजपेढीला बियाणं साफ करायला मदत करतो, तर एक झाडांची चित्रं काढतो. जमलेला पैसा बागेच्याच कामी येतो. आपल्या बचत गटात एक हिशेब लिहिते, एक बँकेत जाते, एक बैठकीचं बोलावणं करते, तसंच हे. सगळ्यांनी सगळं करायचं नाही. जिला जे जमतं ते तिनं करायचं.

दुसरं काम डोळ्यांचं. त्यासाठी मुंबईला, भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊ. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्यापैकी कितीजणी मुंबईला गेल्यावर तिथं हत्ती-माकडं बघून आल्या असतील! पण ती दीडशेहून जास्त वर्षांची वनस्पती बागसुद्धा आहे. सुमारे पन्नास एकर जागा, तीन हजारांच्या आसपास झाडं. आफ्रिकेची गोरखचिंच आहे, म्यानमारची उर्वशी आहे.

२००७ साली महापालिकेनं तिथलं प्राणिसंग्रहालय मोठ्या प्रमाणावर बदलण्याची योजना आखली. जुन्या झाडांचं काय होणार, हा प्रश्न काही नागरिकांना पडला. त्यात बायका पुढं होत्या. त्यांनी कागदपत्रं मिळवली, वाचली. झाडांची नावं आणि नोंदी गोळा केल्या. ही बाग वारसा म्हणून जपायची आहे, हे समित्यांपुढं मांडलं. लोकांना झाडं दाखवायला नेलं, बागेवर पुस्तक काढलं. ती योजना त्या रूपात मंजूर झाली नाही. पुढं बागेत बदल झाले, पेंग्विनही आले. पण झाडांना विचारणारं कुणीतरी आहे, हे सगळ्यांना कळलं.

मैत्रिणींनो, कॅनबेराच्या मंडळींनी बागेच्या कारभाऱ्यांना हात दिला. मुंबईच्या बायकांनी कारभाऱ्यांना प्रश्न विचारला. आम्हांला दोन्ही राखणच वाटते. नुसतं पाणी घालणारी आणि कधीच काही न विचारणारी बाई सगळ्यांना आवडते. पण झाड तोडायचं ठरतं त्या दिवशी तिला कुणी विचारत नाही.

आपल्या गावात वनस्पती उद्यान नसेल. पण देवराई असते, शाळेचं आवार असतं, तळ्याकाठची झाडं असतात. येत्या बैठकीत दोघींना एवढंच काम द्या: एक वही घ्यायची आणि सार्वजनिक जागेतलं एकेक झाड लिहायचं. नाव, जागा, बुंध्याचा घेर, कोण वापरतं. नाव ठाऊक नसेल तर म्हाताऱ्या आजीला विचारायचं. मग ती वही ग्रामसभेत वाचायची आणि ठरावात नोंद करून घ्यायची. उद्या रस्ता रुंद करायचा निघाला, तर ‘इथं झाडं होतीच कुठं?’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

आणखी एक सांगतो. बायका गोळा झाल्या की झाडलोट, खड्डे, पाणी सगळं फुकटात होईल, असं पुष्कळांना वाटतं. रोजगार हमीतून झाडं लावायचं, जगवायचं काम निघतं, त्याची मजुरी असते. ती मागायचीच. माळ्याचा पगार वाचवायला गट नसतो. आपल्या खुशीनं दिलेला वेळ ही सेवा; गृहीत धरलेला वेळ ही वेठ. किती तास देणार आणि कशासाठी, हे गटानं आधीच ठरवून इतिवृत्तात लिहावं.

तुमच्या वहीत पहिलं झाड कुठलं लिहिलंत, ते आम्हांला जरूर कळवा.