छप्पनव्या वर्षी हेडसेट खाली: एअर ट्रॅफिक कंट्रोलरची नोकरी

विमानात बसल्यावर पायलटचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पण पायलट ज्याचं ऐकतो, तो माणूस आपल्याला कधीच भेटत नाही. आज त्याच्याविषयी बोलूया.

अमेरिकेत एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं तर वयाची एकतिशी गाठायच्या आत अर्ज करावा लागतो. आणि ५६ पूर्ण झाली की हेडसेट खाली ठेवायचा. मोजक्या लोकांना ६१ पर्यंत सूट मिळते, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, छप्पन म्हणजे काय म्हातारपण? अजिबात नाही. पण एकाच वेळी अनेक विमानं डोक्यात ठेवायची, प्रत्येकाची उंची, वेग, दिशा सांभाळायची, आणि तेही आज सकाळपाळी, उद्या रातपाळी करत. यात अनुभव कामाला येतो, पण जागरण पचवणं वयानुसार जड जातं.

या नियमाची दुसरी बाजू बघा. ऑगस्ट १९८१ मध्ये तिथल्या कंट्रोलर्सनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली, आणि कामावर न परतलेल्या ११ हजारांहून जास्त जणांना काढून टाकलं. मग नवी भरती झाली, जवळपास एकगठ्ठा. साहजिकच पुढे हे लोक निवृत्तही एकगठ्ठाच झाले!

माणसं कमी पडली की उरलेल्यांवर सक्तीचा ओव्हरटाइम येतो. काही ठिकाणी दिवसाला दहा तास, आठवड्याला सहा दिवस.

२००६ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला एक विमान चुकीच्या धावपट्टीवरून उडायला गेलं आणि कोसळलं. ५० पैकी ४९ जण गेले. तपासात चूक पायलटांची ठरली, हे खरं. पण त्या पहाटे टॉवरमध्ये एकच कंट्रोलर होता. दोन पाळ्यांमध्ये त्याला नऊ तास मिळाले होते, आणि झोप झाली होती जेमतेम दोन तास. घरी जाणं, जेवणं, परत येणं, यातून झोपेला उरतं तरी किती?

२०२४ मध्ये तिथे नवा नियम जाहीर झाला: दोन पाळ्यांत किमान दहा तास, रातपाळीआधी बारा.

माझं मत विचाराल तर, माणसं कमी आहेत म्हणून वयाची अट सैल करणं हा सोपा उपाय आहे, खरा नव्हे. पस्तिशीतला पण झोप न झालेला कंट्रोलर मला अठ्ठावन्न वर्षांच्या ताज्यातवान्या माणसापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. वय आपण कागदावर मोजतो. थकवा कोण मोजणार?

आपल्याकडे एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या थेट भरतीत ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी वयोमर्यादा २७ आहे, राखीव गटांना सवलत. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्यांनो, तयारी करताय ना? मग पगाराइतकंच ड्यूटीच्या तासांबद्दलही नक्की विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर नीट झोपा!