मुलांचे ओले अंथरूण व पालकांचा कोप
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील पालक-सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी ‘मुलांच्या वाईट खोडी’ हा विषय चिटणीसांनी आम्हांस नेमून दिला. हट्ट, खोटे बोलणे, उलट उत्तरे देणे, अभ्यासाचा कंटाळा अशी त्याची मोठी यादी होईल. आम्ही तीतील एकच, आणि तीही चारचौघांत कोणी उच्चारीत नाही अशी, घेणार आहो. शाळेत जाणारे मूल रात्री झोपेत अंथरूण ओले करते, ती. विषय सभेस शोभणारा नाही असे कोणास वाटल्यास क्षमा असावी. परंतु ज्या घरी हा प्रसंग रोज पहाटे उभा राहतो, त्या घरास तो पुरेसा मोठा असतो.

प्रथम आमचाच अपराध सांगतो. थोरला मुलगा आठ वर्षांचा असताना आमच्या धाकट्या बंधूंचे लग्न होते. कार्यालयाच्या माडीवर भाड्याच्या गाद्या ओळीने घातलेल्या, त्यांवर पंधरा-वीस पाहुणे निजलेले. पहाटे जाग आली तो चिरंजीव उभे राहून तांब्यातले पाणी अंथरुणावर ओतीत आहेत. विचारले तर म्हणाला, ‘पाणी सांडलं.’ आम्ही त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. एक गादीबद्दल, दुसरी खोटे बोलल्याबद्दल. सारी माडी जागी झाली. तेव्हा पलीकडून आमच्या आत्याबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘मारतोस कशाला रे त्याला? तुझ्या गोधड्या मी दहाव्या वर्षापर्यंत उन्हात घातल्यात.’

त्या क्षणी आमची जी अवस्था झाली ती सांगण्यात अर्थ नाही. पण आत्याबाई बोलल्या त्यात वैद्यकशास्त्राचे मोठे सत्य होते. ही गोष्ट बहुधा घराण्यातून येते. आई-बापांपैकी एकास लहानपणी हा त्रास असेल तर मुलास तो होण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि दोघांसही असेल तर त्याहून अधिक. पाच वर्षांच्या मुलांत सुमारे १५ टक्के मुले अंथरूण ओले करतात. दहाव्या वर्षी हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर येते. मुलींपेक्षा मुलांत ते अधिक. म्हणजे या सभागृहातील कित्येक घरांत आज सकाळी चादर गुपचूप धुतली गेली असेल.

आळस अथवा खोडसाळपणा हे याचे कारण नव्हे. रात्री मूत्र कमी तयार व्हावे यासाठी शरीरात एक द्रव्य स्रवते. काही मुलांत ते रात्री पुरेसे स्रवत नाही. काहींचे मूत्राशय लवकर भरते. आणि भरल्याची सूचना मेंदूस पोहोचूनही गाढ झोपेतून जाग येत नाही. जे निद्रेत घडते त्याबद्दल जागेपणी शिक्षा करणे कितपत न्यायाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र त्या पहाटेचा तांब्या आमच्या मनातून जात नाही. मूत्र हा शरीराचा धर्म होता. ते पाणी ओतणे मात्र आमच्या धाकाने शिकविले होते. आम्ही खोटेपणाबद्दल मारले, आणि तो खोटेपणा मागील दोन वर्षांच्या आमच्याच रागाचे फळ होते.

पुढे बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी प्रथम विचारले, ‘शौचास रोज साफ होते का?’ आम्हांस प्रश्न विचित्र वाटला. परंतु बद्धकोष्ठाने फुगलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते, आणि कित्येकदा तेवढ्या उपचाराने बराच गुण येतो. दुसरा प्रश्न शाळेचा. शाळेतील शौचालय घाणेरडे, म्हणून मुलगा दिवसभर पाणी पीत नसे आणि घरी येताच तांब्याच्या तांब्ये रिचवीत असे. उलट व्हावयास पाहिजे: पाणी दिवसा भरपूर, निजण्यापूर्वी दोन तास बेताने, सायंकाळी चहा किंवा कोला नको, आणि अंथरुणावर जाण्याआधी लघवी. घरोघरी तिळाचे लाडू देतात. ते खुशाल द्यावेत, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. मध्यरात्री झोपाळलेल्या मुलास उचलून मोरीवर नेल्याने गादी कोरडी राहते, परंतु मूल आपण होऊन उठण्यास शिकत नाही.

ओलावा लागताच वाजणारी घंटा मिळते. अमेरिकेतील मॉवरर दांपत्याने १९३८ साली तिचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजही तो चांगला उपाय समजला जातो. पण त्यास दोन-तीन महिने लागतात, आणि पहिले काही आठवडे घंटेने मूल सोडून सारे घर उठते! आमच्या घरी तर शेजारीही उठले. तीन महिन्यांनी अंथरूण कोरडे झाले, परीक्षेच्या दिवसांत पुन्हा ओले झाले, पुन्हा घंटा लावली. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्याव्यात.

एक इशारा विसरू नये. सहा महिने कोरडे राहिलेले मूल एकाएकी पुन्हा अंथरूण ओले करू लागले, किंवा लघवीस जळजळ, फार तहान, वजन घटणे अशी लक्षणे दिसली, तर वाट पाहू नये. मधुमेहाचा आरंभ कधी असाच होतो. मनास बसलेला धक्काही कारण असू शकतो.

औषधांहून आमच्या मुलास ज्याचा उपयोग झाला ते निराळेच. एके रात्री आम्ही त्यास आत्याबाईंची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला आजोबा मारायचे?’ आठवेना. बहुधा मारीत नसावेत.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या उन्हाळी शिबिरास कित्येक मुले ‘आवडत नाही’ म्हणून येत नाहीत. त्यांतील काहींचे खरे कारण हे असते. प्रवेशपत्रासोबत पालकांना एक बंद चिठ्ठी देता यावी, ती एकाच कार्यकर्त्याने वाचावी, आणि मोरीजवळची जागा त्या मुलास कारण न सांगता मिळावी. सामानाच्या यादीत मेणकापडाचे सहा तुकडे लिहिलेले आम्ही पाहिले. आणखी चार घ्यावेत.